आईबापांची भीती

श्यामची आई श्यामला मारते, हे आपल्यातले बहुतेकजण विसरलेले असतात. लक्षात राहते ती कळ्या खुडू नकोस म्हणणारी आई, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून दगडावर पदर पसरणारी आई. पण त्याच पुस्तकात ‘श्यामचे पोहणे’ असं एक प्रकरण आहे. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी भरतात, गावची पोरं पोहायला शिकतात, आणि श्याम माळ्यावर लपून बसतो. आई त्याला तिथून शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि विहिरीवर धाडते. मुलगा पोहून घरी येतो तो रुसलेलाच. मग आईच त्याच्याजवळ येते. तिच्या डोळ्यांत पाणी असतं. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं, हे तिला सोसवत नव्हतं.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या काही दिवसांत. त्यांची आई १९१७ साली गेली होती. तेहेतीस वर्षांचा माणूस तुरुंगाच्या कोठडीत बसून आठवतो आहे, आणि त्याला मारही आठवतो, माराचं कारणही आठवतं. पुढे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट केला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि श्यामची आई महाराष्ट्राची आई होऊन बसली. या थोरवीत शिंपटी मात्र मागे पडली. तिचं काय करायचं, हा प्रश्न वाचकाच्या हाती असलेल्या या लेखसंग्रहातल्या जवळपास प्रत्येक लेखाच्या मुळाशी आहे.

हे लेख मराठी आत्मचरित्रांवरचे आहेत. प्रत्येक आत्मचरित्र एकाच कुतूहलापोटी वाचलं आहे: या माणसाला आईबापांनी वाढवलं कसं, आणि त्या वाढवण्याचं पुढे त्याच्या आयुष्यात काय झालं? पालकत्वावर आज पुस्तकांना तोटा नाही. बहुतेक पुस्तकं आईबापांना उद्देशून लिहिलेली असतात आणि त्यांत मूल म्हणजे उद्या व्हायची एक वस्तू असते. इथे उलट्या बाजूनं बघायचं ठरवलं. मूल मोठं झालेलं आहे, आईबाप बहुधा हयात नाहीत, आणि आता बोलायची पाळी मुलाची आहे.

शास्त्र काय म्हणतं ते आधी थोडक्यात सांगतो, कारण वाचकाच्या मनात ते असणारच. अमेरिकेत बर्कली इथे डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला आणि पालकांचे तीन प्रकार मांडले. पहिला हुकूमशाही: सांगितलं ते करायचं, का ते विचारायचं नाही. दुसरा सैल: मूल म्हणेल ते. तिसरा या दोहोंच्या मधला, पण नुसता मधला नव्हे: नियम कडक, पण त्यांचं कारण सांगितलं जातं, आणि मुलाला उलट बोलायला जागा असते. हा तिसरा प्रकार त्यांना सर्वांत फलदायी वाटला. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी या मांडणीत चौथा कप्पा घातला, मुलाकडे लक्षच नसलेल्या पालकांचा. आज शाळांच्या पालकसभांत जे तक्ते दाखवतात, ते याच चार कप्प्यांचे.

आता श्यामच्या आईला कुठल्या कप्प्यात टाकायचं? विहिरीवर धाडताना ती पहिल्या कप्प्यात आहे आणि नंतर तिसऱ्या. माणसं दिवसभरात कप्पे बदलतात. दुसरी अडचण याहून मोठी. बॉमरिंड यांनी पाहिलेली घरं बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गीय अमेरिकनांची होती. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या कुटुंबांकडे पाहून विचारलं, की हे पालक चाचणीत ‘हुकूमशाही’ ठरतात, मग त्यांची मुलं शाळेत मागे का पडत नाहीत? त्यांचं उत्तर असं, की त्या घरांत कडकपणा आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. आईनं सक्ती करणं हाच तिथे आई आपल्यासाठी झिजते आहे याचा पुरावा मानला जातो. मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही. पण म्हणून ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणून मोकळं होण्याचा मोहही आवरायला हवा. आपल्याकडेही मार खाऊन मोडलेली मुलं आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

लेख हाती येत गेले तसं मला एक दिसू लागलं, आणि या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच. चाळीस-पन्नास वर्षांनी लिहायला बसलेल्या मुलाला किंवा मुलीला आईबापांचे नियम फारसे आठवत नाहीत. आठवतं ते आईबाप कशाला भीत होते, आणि त्या भीतीचं त्यांनी काय केलं. श्यामच्या घरची खोती गेलेली, कर्ज वाढलेलं, भाऊबंदकीनं घर पोखरलेलं. अशा घरातल्या बाईकडे उरते ती अब्रू. मुलगा भित्रा निघाला तर तीही गेली. शिंपटी उगारली जाते ती त्या भीतीपोटी. फरक एवढाच, की नंतर ती आपली भीती मुलासमोर कबूल करते. गुरुजींना तो मार पचला तो त्या कबुलीमुळे, असं मला वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच दृष्टीनं पुन्हा वाचावीत. सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात. सत्तावनच्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुवायची, माणसाचा स्पर्श टाळायचा, घरातल्या बायकांनी दिवसभर त्या धुण्यापुसण्याला जुंपून घ्यायचं. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, आणि मराठी वाचकानंही त्यावर मनमुराद हसून घेतलं आहे. पण हसू ओसरल्यावर दिसतो तो एक घाबरलेला माणूस. बाहेरच्या जगानं घरात घुसून एक माणूस नेला. आता जग घरात येता कामा नये. त्यानं जग पाण्यानं धुवायला घेतलं. मुलांच्या वाट्याला आलं ते हे पाणी. याच लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे जातात आणि जातिभेदाचं जोखड हळूहळू, स्वतःशी भांडत भांडत, उतरवून ठेवतात. बापाच्या भीतीनं मुलगी घडली का? घडली, पण बापाला पाहिजे होती तशी नाही. बापाला ज्याची भीती वाटत होती, नेमकं तेच मुलीनं पुढे आपलंसं केलं.

मुलींच्या कहाण्यांवर मी जास्त रेंगाळणार आहे, आणि त्याला कारण आहे. चाणक्याच्या नावावर खपणारं एक सुभाषित आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या पाठ केलं गेलं: पहिली पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं मार द्यावा, सोळावं लागलं की मित्रासारखं वागवावं. हे सगळं पुत्राविषयी आहे. ते पाठ केलं जात होतं त्या काळात मुलगी सोळाव्या वर्षी सासरी असे. तिच्याशी मैत्री करायला घरात कोणी उरलेलं नसे. म्हणून मुलींच्या आत्मचरित्रांत बाप भेटतो तो तुकड्यातुकड्यांत, लग्नाआधीच्या थोड्या वर्षांत.

याला एक मोठा अपवाद पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायला घेतलं. लोकांनी छळ मांडला, उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्रार्थ करून आपलं म्हणणं सिद्ध करावं लागलं, आणि अखेर ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात घर करून राहिले. १८५८ साली रमाबाई तिथे जन्मल्या. पुढे वडील थकले, तेव्हा आईनं रमाबाईंना शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते. मुलीचं लग्न लहानपणी केलं नाही. त्या काळात एवढं करणारा बाप दुसरा दाखवता येणं कठीण.

आता याची दुसरी बाजू. हेच वडील कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत राहिले. पुराण सांगायचं, मिळेल ते दानधर्मात घालवायचं. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ ना पैसा होता, ना अंगमेहनतीचं एखादं काम करण्याची सवय, ना भीक मागण्याची तयारी. वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. रमाबाईंनी हे पुढे स्वतः लिहिलं आहे, आणि फार स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याला श्लोक आले, पण पोट भरण्याची विद्या आली नाही, ही बोच त्यांच्या लिहिण्यात आहे. नंतर त्यांनी विधवांसाठी आणि दुष्काळातून आलेल्या मुलींसाठी ज्या संस्था उभ्या केल्या, तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर हातानं करायची कामंही शिकवली. शारदा सदनापासून केडगावच्या मुक्तिसदनापर्यंतचा हा प्रवास वाचताना मला नेहमी वाटतं, की ही बाई एका हातानं बापाचं ऋण फेडते आहे आणि दुसऱ्या हातानं बापाची चूक दुरुस्त करते आहे. वडिलांनी तिला दिलेली विद्या आणि तिला न दिलेलं शहाणपण, दोन्ही मिळून मुक्तिसदन झालं. कुठल्याही तक्त्यात या बापाला काय गुण द्यायचे ते मला ठरवता आलेलं नाही.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधला बाप याहून साधा, आणि म्हणून अधिक ओळखीचा. कमावणारा, दिलदार, लोकांना सढळ हातानं देणारा. आणि बायकोला मात्र घरात कोंडून ठेवणारा, कारण बाई घरात राहणं हे इभ्रतीचं लक्षण. आई कडवट होत गेली. मुलीनं बापाचा हातही पाहिला आणि आईचं तोंडही. मुलांशी आईबाप कसे वागतात यावर आपण फार बोलतो. आईबाप एकमेकांशी कसे वागतात ते मूल रोज बघत असतं, त्यावर त्या मानानं फार कमी बोलतो.

इथवर माझा मुद्दा बरा चालला आहे, पण तो सगळीकडे चालत नाही. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला बाप घ्या. कागलचं शेतकरी घर, मुलाला शाळेची ओढ, बापानं त्याला शाळेतून काढून रानात जुंपलेलं. आई आणि मुलगा संगनमत करून गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात. देसाई बापाला बोलावून फैलावर घेतात. बाप नमतो, पण अटी घालतो: दिवस उजाडताच रानात यायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा, शाळा सुटली की गुरं चारायची, आणि रानात काम निघालं तर त्या दिवशी शाळा नाही. या बापामागे कुठली भीती होती, हे मी बराच काळ शोधलं. गरिबी होती, खाणारी तोंडं होती, हे खरं. पण मुलानं रंगवलेला बाप मुख्यतः मोकळं हिंडण्यासाठी मुलाच्या मानेवर जू ठेवणारा आहे. काही आईबाप वाईट वागतात ते घाबरून नव्हे; त्यांना ते सोयीचं असतं म्हणून वागतात. त्यांना समजून घेण्याच्या भरात आपण त्यांना माफ करून टाकू नये.

‘झोंबी’त आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पालकत्वाच्या पुस्तकांत सापडत नाही. त्या मुलाला तारतं कोण? आईची हुशारी, गावातल्या एका वजनदार माणसाचा शब्द आणि सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर. मास्तर कविता तालावर म्हणून दाखवतात, आणि हा पोरगा गुरं राखताना म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळी लिहू लागतो. अमेरिकेत १९९८ मध्ये ज्यूडिथ रिच हॅरिस या बाईंनी एक खळबळजनक पुस्तक लिहून म्हटलं, की मुलांना घडवण्याचं श्रेय आणि दोष आपण आईबापांना वाजवीपेक्षा जास्त देतो. खरी घडण आनुवंशिकतेतून आणि बरोबरीच्या मुलांत होते. दत्तक आणि जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून त्यांना आधारही होता: एका घरात वाढलेली, पण रक्ताचं नातं नसलेली भावंडं मोठेपणी स्वभावानं एकमेकांसारखी फारशी होत नाहीत. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते काही उगाच नाही.

पण हे अभ्यास बहुतेक बऱ्या चाललेल्या घरांचे. जिथे मुलाला माणूसच मिळालं नाही, तिथलं चित्र वेगळं आहे. रुमानियात १९८९ च्या सत्तांतरानंतर तिथले अनाथाश्रम जगाला दिसले: खाणंपिणं होतं, पण जवळ घेणारं ठराविक माणूस नव्हतं. त्या मुलांवर बुखारेस्टमध्ये पुढे दीर्घ अभ्यास झाला. जी मुलं दोन वर्षांच्या आत कुणा कुटुंबात गेली ती बरीच सावरली. उशिरा गेलेल्यांचं नुकसान पुरतं भरून निघालं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जवळचं माणूस अजिबात नसणं घातक. ते असलं, तर त्याच्या शंभर पद्धतींनी मुलाला पडणारा फरक आपण समजतो तेवढा नसतो.

आईबापांना न झोडपता मुलाचं भलं कसं करता येतं, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण एका शाळेचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नसत, कारण ती दिवसभर गुरं राखत. आईबापांना अडाणी ठरवून उपदेश करणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि मुलं शिकताहेत, अशी कुरणशाळा. यादवांच्या म्हशीला आणि कोसबाडच्या गुरांना मी मनातल्या मनात नेहमी शेजारी उभं करतो. आईबापांच्या नाइलाजाला कुणीतरी नाइलाज म्हणून ओळखलं, हे कोसबाडला घडलं.

आजच्या घरांकडे फार वेळ वळत नाही. त्यांतल्या मुलांची आत्मचरित्रं अजून लिहायची आहेत. पण भीती कोणती ते आताच दिसतं. मूल मागे पडेल, ही ती भीती. लातूरचे शिकवणीवर्ग असोत की कोट्याचे, ती आता बाजारात विकली जाते; चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लावून तिची जाहिरात होते. मार कमी झाला आहे हे मान्य. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, घराला मात्र तसा कायदा नाही. स्वीडननं घरातल्या मारावरही १९७९ सालीच बंदी घातली. पण हात न उगारताही भीती मुलापर्यंत पोहोचते. मुलाच्या फोनवरून ते कुठे आहे ते पाहता येतं, त्याच्या चाचणीचे गुण त्याच्या आधी आईच्या मोबाइलवर येतात, आणि जेवताना कोणी काही बोललं नाही तरी ते गुण ताटाशेजारी बसलेले असतात. श्यामच्या आईनं नंतर कबुली तरी दिली. आपण आपल्या भीतीला ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणतो, आणि मुलाला तिच्याशी भांडायलाही जागा ठेवत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. हे सगळे साक्षीदार तरलेले आहेत. आत्मचरित्र लिहायला माणूस जगावा लागतो, शिकावा लागतो, आणि आपली गोष्ट सांगण्याजोगी आहे असं त्याला वाटावं लागतं. बापाच्या माराला कंटाळून घर सोडून गेलेली, दुष्काळात रमाबाईंसारखी न वाचलेली, म्हशीमागेच म्हातारी झालेली मुलं इथे बोलत नाहीत. म्हणून ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काही वाईट झालं नाही’ हे वाक्य कुणी या पुस्तकाच्या आधारानं म्हणू नये. मार खाऊन ज्यांचं वाईट झालं, त्यांची पुस्तकं आपल्या कपाटात नाहीत.

या लेखांचा क्रम कालानुसार नाही. सुरुवातीला मुली आहेत, मग मुलगे. एकाच घरातल्या दोन भावंडांनी लिहिलेली आत्मचरित्रं शेजारीशेजारी ठेवून वाचायची फार इच्छा होती, कारण थोरल्याचे आईबाप आणि धाकट्याचे आईबाप ही नेहमी एकच माणसं नसतात. ते जमलं नाही. पुढे कुणी करावं.

शेवटचा लेख मुद्दाम वेगळा आहे. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली आलं, ते त्यांच्या वडिलांच्या लिखाणाच्या आधारानं. निवृत्त झालेल्या बापाला मुलानं लिहायला बसवलं, आणि जेमतेम अक्षरओळख असलेल्या त्या माणसानं आपल्या बोलीत आपलं आयुष्य लिहून काढलं: ओझरची येसकरकी, म्हणजे महारांवर लादलेली गावचाकरी, तिथला अपमान, रातोरात गाव सोडून मुंबई गाठणं, बाबासाहेबांची चळवळ. मुलांनी काय व्हावं याचा त्याचा आग्रह नव्हता. जे व्हाल त्यात अव्वल व्हा, एवढंच त्याचं म्हणणं. बाकी सगळ्या लेखांत मुलं आईबापांविषयी सांगतात. इथे बाप स्वतः बोलतो, आणि बोलतो ते बहुतांश स्वतःच्या लढ्याविषयी. मुलांना वाढवलं कसं, याचा हिशेब त्यानं वेगळा असा मांडलेलाच नाही.